जखिणीचे सतरा टेक

"कट! काकी, हसू नको म्हणून किती वेळा सांगू?"

"हसले व्हय रे? मला वाटलं, नुसते दात दिसले."

"दातसुद्धा नकोत! मान हळू वर करायची, डोळे मोठे करायचे आणि रेहानाकडं बघायचं. रेहानाकडं. आरशात स्वतःकडं नाही."

"बरं बाबा, चुकलं. परत करू."

हा अकरावा टेक होता. सांगलीतली एप्रिलमधली दुपार. खिडक्यांना दोन चादरी आणि त्यावर काळं घोंगडं ठोकून आम्ही भरदिवसा रात्र केली होती. पंखा बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये यायची. काकीच्या झोपायच्या खोलीत लोखंडी कपाट, कपाटाच्या दाराला आरसा, आरशासमोर रेहाना, तिच्या मागं काकी, आणि कोपऱ्यात तिकाटण्यावर कॉलेजचा कॅमेरा. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. कॅमेरा पाच वाजता परत द्यायचा होता आणि तीन वाजून गेले होते. माझं डोकं असं फिरलं होतं की समोर कोण आहे, नि आपण कुणावर ओरडतोय, याचं भान नव्हतं.

थोडं मागचं सांगायला पाहिजे. मी धैर्यशील सूर्यवंशी, विट्याजवळचा. वीस वर्षांमागं सांगलीत पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि शालनकाकीकडं राहत होतो. बापूकाका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, एसटीच्या वर्कशॉपला होते. मी बारा वर्षांचा असताना गेले. मूलबाळ नव्हतं. काकी पुढच्या खोलीत मशीन टाकून साड्यांना पिको-फॉल करायची. गल्लीतल्या निम्म्या नवऱ्या मुलींचे शालू तिच्या हाताखालून गेलेले. तिच्या अंगावर मात्र कायम राखाडी नाहीतर फिकट निळी साडी, कपाळ मोकळं, आणि हातात एकेक प्लॅस्टिकचं कडं. मला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. काकी म्हणजे तशीच असते, एवढंच मला माहीत होतं.

आमचे तांबवेकर सर सिनेमा शिकवायचे. त्या वर्षी त्यांनी चिठ्ठ्या टाकून प्रत्येक गटाला एकेक जॉनर दिला. कुणाला विनोदी, कुणाला रहस्य, कुणाला प्रेमकथा. मी उचलली ती चिठ्ठी भयपटाची. पाच मिनिटांची फिल्म करायची. ज्या गटाची फिल्म उत्तम होईल ती मुंबईच्या विद्यार्थी महोत्सवाला जाणार. सर म्हणायचे, "जॉनर म्हणजे प्रेक्षकाशी केलेला करार. पाटीवर मिसळ लिहून आत शिरा वाढलात तर गिऱ्हाईक बोंबलणारच." मग फळ्यावर भयपटाचे संकेत लिहून द्यायचे. बंद जागा. आरसा. उशिरा येणारा आवाज. मोडू नये तो नियम मोडणारं माणूस. आणि शेवटी, भूत म्हणजे कुणाची तरी राहून गेलेली इच्छा. मी सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. परीक्षेला येईल म्हणून.

माझ्यासाठी हा खेळ नव्हता. मला पुण्याला सिनेमाच्या कोर्सला जायचं होतं आणि घरी त्यावरून रोज कटकट चालली होती. शेवटी वडील फोनवर म्हणाले होते, "तुझा पिक्चर मुंबईला निवडला, तर जा पुण्याला. माझी ना नाही. नाहीतर मुकाट्यानं शेडवर ये. दोन हजार पक्षी मी एकट्यानं सांभाळू व्हय?" पक्षी म्हणजे कोंबड्या. म्हणजे शूटिंगनंतरच्या शनिवारी निवड झाली तर पुणे, नाही झाली तर कोंबड्या. सरळ हिशेब होता.

गटात आम्ही तिघं. बाहुबली मगदूम कॅमेऱ्यावर, कारण त्याच्या मामाचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता आणि त्या जोरावर तो स्वतःला मोठा कॅमेरामन समजायचा. रेहाना मुलाणी हिरॉईन. मी लेखक आणि दिग्दर्शक, म्हणजे ओरडणारा.

सर म्हणाले होते, भूत आपल्याकडचं घ्या, परदेशी नको. मग बाहुबलीनं त्याच्या आजीला विचारून जखीण आणली. सवाष्ण बाई मेली की तिला हिरवी साडी नेसवतात, हातात हिरवा चुडा भरतात, कपाळाला मळवट भरतात. ती परत आली तर तशीच येते आणि तिला जखीण म्हणतात. माझी गोष्ट अशी: नवी नवरी भाड्याच्या खोलीत येते. जुन्या कपाटात तिला हिरव्या बांगड्या सापडतात. ती त्या घालते. ज्या बाईच्या त्या बांगड्या, ती मागून आरशात दिसते. नवरी घाबरून मागं वळते, झटापट होते, जखिणीचे हात दाराच्या चौकटीवर आपटतात, बांगड्या फुटतात आणि ती नाहीशी होते. जमिनीवर नुसत्या काचा राहतात. शेवटच्या काचांचा शॉट माझा लाडका होता. तो सुचला त्या दिवशी मी स्वतःवरच खूश होऊन दोन प्लेट भडंग खाल्लं होतं.

सगळं ठरलं, आणि जखीणच मिळेना.

आमच्या वर्गातली एक मुलगी तयार होती. शूटिंगच्या आदल्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. "लग्नाची पोर आहे माझी. मेलेल्या बाईचा मळवट भरताय तिला? लाज वाटत नाही?" मग मी गल्लीतल्या दोघीतिघींना विचारलं. शेजारच्या चौगुलेवहिनींनी तर कानावर हातच ठेवले. "नवरा जिवंत आहे माझा, धैर्यशील. असलं खुळ्यासारखं विचारायचं नसतं रे."

शूटिंगच्या दिवशी सकाळी मी पुढच्या खोलीत डोकं धरून बसलो होतो. कॅमेरा एका गटाला एकच दिवस मिळायचा. बाहुबली म्हणत होता, तूच नेस साडी, मिशी काढ. काकी मशीनवर बसून सगळं ऐकत होती. तिनं पायडल थांबवलं.

"मी करू का?"

"तू?"

"सवाष्णीला करता येत नाही, लग्नाच्या पोरीला करता येत नाही. मला काय व्हायचंय आता?" एवढं बोलून तिनं सुईतला दोरा तोडला. "साडी पण आहे माझ्याकडं हिरवी."

मी आनंदानं उडीच मारली. दुसरं काही माझ्या डोक्यात आलं नाही. कपाटाच्या तळाशी डांबरगोळ्यांच्या वासात घडी घातलेली हिरवी साडी होती. ती तिच्या लग्नातली. रेहाना कोपऱ्यावरून डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन आली. काकीचा हात कामानं कडक झालेला, बांगड्या मापाला लहान. साबण लावून लावून रेहानानं त्या भरल्या. मी दारात उभा राहून घड्याळ बघत होतो.

काकी तयार होऊन आली ती कपाळावर ठसठशीत गोल कुंकू लावून.

"अगं, गोल नको. मळवट पाहिजे, इथून तिथपर्यंत आडवा. मेलेली बाई आहे ती."

"व्हय की, विसरलेच," म्हणून ती आत गेली.

जेवायच्या सुट्टीपर्यंत रेहानाचे एकटीचे शॉट झाले. सुट्टीनंतर मुख्य शॉट, आरशाचा. कॅमेऱ्याचा पुढचा लाल दिवा आरशात दिसत होता म्हणून बाहुबलीनं त्यावर काळी चिकटपट्टी लावली. कॅमेऱ्याच्या पडद्यावरची 'रेकॉर्ड' वगैरे अक्षरं फ्रेमवर येतात म्हणून तीही त्यानं बंद करून टाकली. मामाकडं असंच करतात म्हणाला. मग सुरू झाला छळ.

पहिल्या टेकला काकीनं पदर डोक्यावर घेतला. दुसऱ्याला ती हसली. तिसऱ्याला ती रेहानाऐवजी आरशात स्वतःकडं बघत राहिली. चौथा नीट चालला होता, तर बाहेरून भाजीवाला ओरडत गेला. पाचव्याला मळवटाचा परत गोल झाला होता. मी कपाळाला हात लावला. "काकी, कंटिन्युइटी! मघाशी आडवं होतं, आता गोल कसं झालं?"

"घामानं पसरलं म्हणून जरा नीट केलं."

"नीट करायचं नाही!"

सातव्या टेकच्या आधी दारावर थाप पडली. "शालनताई, झाली का माझी साडी?" चौगुलेवहिनी होत्या. काकीचं तोंड एकदम उतरलं. ती कपाटाच्या आडोशाला सरकली, दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मला खुणेनं म्हणाली, सांग, मी घरी नाही. मी सांगून आलो. आणखी पाच मिनिटं गेली म्हणून चिडलो तेवढाच.

आठवा, नववा, दहावा. दर वेळी काहीतरी चुकायचंच. आणि दर वेळी काकी म्हणायची, "चुकलं. परत करू." एखादा माणूस वैतागला असता, कंटाळला असता. ही बाई उन्हाळ्यात, बंद खोलीत, पंख्याशिवाय, उत्साहानं म्हणायची, परत करू! मला वाटायला लागलं, ही माझी चेष्टा करतेय.

"सर म्हणतात, भीती नजरेत असते," मी दात खाऊन समजावत होतो. "तू त्या पोरीचा जीव घ्यायला आलीयेस. तुझं सगळं तिनं घेतलंय. बांगड्या तुझ्या आहेत, काकी, तिनं घातल्यात. राग येऊ दे की!"

"तिनं घातल्या तर मला कशाला राग येईल? घालू दे की पोरीला."

बाहुबली फिसकन हसला. मी त्याच्या हातावर फटका मारला.

सतराव्या टेकला, साडेचार वाजता, ते एकदाचं जमलं. काकीनं मान वर केली, डोळे मोठे केले, हसली नाही, रेहानाकडं बघितलं. नजर अगदी मला पाहिजे तशी नव्हती, पण चालली असती. मी "कट" म्हणून खाली बसलो.

"आता शेवटचा. बाहुबली, कॅमेरा चौकटीकडं घ्यायला किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"काकी, हे बघ. दोन्ही हात असे चौकटीवर आपटायचे. जोरात. बांगड्या फुटल्या पाहिजेत. एकाच टेकमध्ये व्हायला पाहिजे, दुसऱ्या आणल्या नाहीत."

काकी आरशासमोरून हलली नाही. "ते नको रे. ते सोडून काहीतरी सांग."

"ते सोडून कसं? शेवट आहे तो!"

"हात लागेल."

"साडी गुंडाळतो चौकटीला. काकी, वीस मिनिटं आहेत माझ्याकडं!"

"नको म्हणते ना."

आणि मग दिवसभराचा सगळा घाम, सगळा राग माझ्या तोंडातून बाहेर पडला. "काचेच्याच तर आहेत! आपट हात आणि फोड की! सतरा टेक खाल्लेस माझे, आता एवढं तरी कर!"

रेहाना म्हणाली, "धैर्या, गप." एवढंच म्हणाली, पण तिचा चेहरा बघून मी गप्प झालो.

काकी मोरीत गेली. पाण्याचा आवाज येत राहिला. बाहुबलीनं कॅमेरा पिशवीत भरला. मी चादरी ओढून काढल्या, खिळे तसेच राहिले. आम्ही निघालो तेव्हा काकी मोरीच्या उंबऱ्यावर बसून साबणाच्या हातानं एकेक बांगडी काढत होती. बाराच्या बारा, अखंड. कपाळ धुतलेलं होतं. शेवटाशिवाय फिल्म गेली, अशा विचारानं मी जाताना तिच्याशी बोललोसुद्धा नाही.

सेटवर टेप मागं घेऊन बघायची नाही, असा सरांचा दंडक होता. आदल्या वर्षी एका गटानं तसं करून अर्ध्या फिल्मवर परत शूट केलं होतं. त्यामुळं आम्ही काय शूट केलंय ते बुधवारी, एडिटिंगच्या खोलीत पहिल्यांदा बघितलं.

सकाळचे शॉट ठीक होते. मग सुट्टी. मग आरसा.

आरशात काकी एकटी होती. रेहाना नाही. माझा आवाज लांबून, "घोंगडं खाली सरकलंय, बाहुबली, खिळा दे." थोड्या वेळानं रेहाना येऊन उभी राहिली, बाहुबलीचा आवाज आला, "रोल!" आणि चित्र तुटलं. पुढचा तुकडा सुरू झाला तो माझ्या "अरे देवा, पदर कशाला घेतलास!" वर.

मला कळायला दोन तुकडे लागले. बाहुबलीला त्याआधीच कळलं होतं. तो पांढराफटक पडला होता. सुट्टीनंतर त्यानं बटण एकदा जास्त दाबलं होतं. तिथून पुढं तो चालू करायला दाबायचा तेव्हा कॅमेरा बंद व्हायचा, आणि बंद करायला दाबायचा तेव्हा चालू. लाल दिव्यावर पट्टी, पडद्यावरची अक्षरं गायब, मग कळणार कसं? सतराच्या सतरा टेकमधला एकही टेपवर नव्हता. टेकच्या मधला वेळ तेवढा सगळा होता.

मी त्याची गचांडी धरली. मला आठवतंय, मी त्याला खरंच मारणार होतो. पुणं गेलं, सगळं गेलं, शेडच्या वासासकट कोंबड्या माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. रेहाना मध्ये पडली. "आधी बघ," म्हणाली. "धैर्या, पडद्याकडं बघ."

आरशात काकी होती. तिनं उजवा हात वर केला. बांगड्या घरंगळत कोपरापर्यंत गेल्या. हात खाली केला, त्या खाली आल्या. परत वर. परत खाली. ती कान देऊन ऐकत होती. मग आरशाजवळ सरकून तिनं करंगळीनं मळवटाच्या कडा पुसल्या, हळूहळू, नीट, त्याचा गोल होईपर्यंत. मान तिरकी करून बघितलं. आणि हसली. हे तेच हसू होतं, ज्याच्यासाठी मी दिवसभर तिच्यावर ओरडलो होतो.

पुढच्या एका तुकड्यात रेहानाचा हळू आवाज होता. "काकी, आत्ता नीट होत आलं होतं की. मुद्दाम हसलात ना?"

"गप गं. त्याला सांगू नको. हे झालं की पुढचा बांगड्या फोडायचा आहे. लांबतंय तेवढं लांबू दे."

मी रेहानाकडं बघितलं. ती खाली बघत होती.

शेवटचा तुकडा मोठा होता. माझाच आवाज, कर्कश, "काचेच्याच तर आहेत! आपट हात आणि फोड की!" आणि आरशात काकीचा चेहरा. डाव्या हातानं तिनं उजवं मनगट धरलं होतं, बांगड्यांवरून, गच्च.

माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. बापूकाकांचा दहावा त्याच घरात झाला होता. आम्हा पोरांना मागच्या पेरूच्या झाडाकडं पिटाळलं होतं. तरी आतला आवाज आला होता. बायकांचं रडणं, आणि त्यात मध्येच काचांचा आवाज, चौकटीवरचा. बाराव्या वर्षी मी तो ऐकला, विसरून गेलो, आणि एकविसाव्या वर्षी स्क्रिप्टमध्ये लिहिला. मला वाटलं होतं, मला सुचला. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, आधी नाही आणि नंतरही नाही.

तांबवेकर सर कधी येऊन मागं उभे राहिले होते कळलं नाही. त्यांनी सगळं परत पहिल्यापासून लावायला सांगितलं. बघून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "हे पाठवायचं. फार कापू नका."

"सर, पण हा भयपट नाही."

"दुसऱ्या तासाला काय लिहून दिलं होतं मी? शेवटचा मुद्दा."

"भूत म्हणजे कुणाची तरी राहून गेलेली इच्छा."

"मग? बंद खोली आहे. आरसा आहे. नियम मोडणारं माणूस आहे. सगळं जिथल्या तिथं आहे, गाढवा. भीती तेवढी कुणाची वाटायला पाहिजे, ते आपलं चुकत होतं." ते दारापर्यंत जाऊन परत वळले. "मुंबईलाच नाही, पुढंही जाईल ही. त्या बाईंना विचार आणि शनिवारी सकाळी आणून दे."

टेप खिशात घालून मी घरी गेलो. सायकलवर सगळा रस्ता एकच विचार. विचारायचं कसं? काकी, तुला वाटलं होतं कॅमेरा बंद आहे, पण तो चालू होता, आता तुला तशी सगळी मुंबई बघणार आहे, असं? ती नाही म्हणाली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुझं पुण्याचं होतंय ना, मग दाखव, असं म्हणाली असती आणि मशीनकडं वळली असती. आणि मग चौगुलेवहिनी आल्या की काय करणार होती?

काकी मशीनवर होती. मला बघून पायडल थांबवलं.

"बघितलंस का रे? आलं का नीट? दिसते का मी?"

मी चप्पल काढायला बराच वेळ लावला.

"काहीच आलं नाही, काकी. बाहुबल्यानं बटण उलटं दाबलं. एकसुद्धा टेक नाही."

"अगं बाई! सगळंच गेलं?"

"सगळं."

"म्हणजे..." हातातली साडी तिनं उगाच सारखी केली. "म्हणजे परत करायचं?"

वाईट वाटल्याचा आवाज तिनं चांगला काढला होता. पण चेहरा तिला आवरला नाही. अभिनय तिला कधी जमलाच नाही.

"हो," मी म्हणालो. "परत करायचं. रविवारी."

शनिवारी मी सरांना सांगितलं, टेप मशीनमध्ये अडकून तुटली. "मूर्ख आहेस तू," म्हणाले, आणि दुसऱ्या गटाची विनोदी फिल्म पाकिटात घातली. मी वर्गाबाहेर जिन्यावर बसून रडलो. चांगुलपणाचं समाधान वगैरे काही वाटलं नाही. नुसता संताप येत होता, बाहुबलीचा, सरांचा, स्वतःचा, सगळ्या जगाचा. त्याच संध्याकाळी वडिलांना फोन केला.

रविवारी बाहुबलीच्या मामाचा जुना, मोडका कॅमेरा आणला. त्यात टेप नव्हती. टेप घातली असती तरी तो चालणारा नव्हता. चादरी लावल्या, घोंगडं लावलं, पंखा बंद केला. रेहाना त्याच बांगड्या घेऊन आत गेली. काकीनं त्या फडक्यात बांधून डब्यात जपून ठेवल्या होत्या. बाहेर आली ती हिरव्या साडीत, कपाळावर गोल कुंकू लावून.

"मळवट करू का?"

"राहू दे. गोलच बरं दिसतंय."

मग मी ओरडायला लागलो. ओरडलो नसतो तर तिला संशय आला असता. "काकी, हसू नको! रेहानाकडं बघ! पदर! अरे काय चाललंय!" ती म्हणायची, "चुकलं. परत करू." मी कपाळावर हात मारून घ्यायचो. सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत आम्ही तो एकच शॉट घेतला. मध्ये जेवलो, ती त्याच साडीत वाढायला उभी राहिली. रेहाना तिच्याशी उगाच गप्पा मारत बसली, बाहुबली उगाच लाइट हलवत राहिला. टेक मोजायचं आम्ही केव्हाच सोडून दिलं होतं.

शेवटी तिनं स्वतःच विचारलं, "आणि बांगड्या फोडायचं रे?"

"काढून टाकलं ते."

"का?"

"जॉनरमध्ये बसत नाही."

"अस्सं," ती म्हणाली. मोरीकडं गेली. साबण मागितला.

मे महिन्यात मी गावी आलो. आज माझ्याकडं अकरा हजार पक्षी आहेत. वडील गेले, शेड वाढली, दोन मुली पुण्यात शिकतात. टेप शेडच्या ऑफिसात, टेबलाच्या खणात, लसीकरणाच्या वह्यांखाली पडून आहे. ती चालवणारं मशीन आता कुठं मिळत नाही. चिडका मात्र मी तसाच आहे, गडी माणसं सांगतील.

गेल्या मार्गशीर्षात काकी राहायला आली होती. साठीला टेकलीय. हल्ली बारीक टिकली लावते, कुणी काही म्हणत नाही. थोरली सुट्टीला आलेली, मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढत होती आणि म्हणत होती, आजी, हस की जरा. काकी एकदम माझ्याकडं वळली.

"तुझा बाप मला हसू नको म्हणायचा," तिनं पोरीला सांगितलं. "दोन दिवस नुसता ओरडत होता. पहिल्या दिवशी खरं ओरडला."

मी चहाचा कप खाली ठेवला. "आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या तोंडावरचं झाकण काढायचं विसरलास तू. आरशात दिसत होतं मला, सकाळपासून."

एवढं बोलून तिनं पोरीच्या हातातला मोबाइल नीट सरळ धरला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "घे आता. परत करू."